दादाचा साप आणि वॉटसनची जखम

पत्र :

नमस्कार. मी ३८ वर्षांची, नाशिकला बँकेत नोकरी करते. माझा मोठा भाऊ शिराळ्याजवळ असतो. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत आजोळच्या कपाटातली शेरलॉक होम्सची मराठी पुस्तकं आम्ही दोघांनी इतक्यांदा वाचली की शिवण उसवून पानं सुटी झाली. तेव्हापासून आमचा एक खेळ आहे. कथांमध्ये काय जुळत नाही ते शोधायचं आणि त्यावर भांडायचं. मोठेपणी इंग्रजीतून वाचलं, खेळ आणखी रंगला. दर भाऊबिजेला दादा ताटात एक पुस्तक ठेवतो आणि त्याच्या पहिल्या पानावर पेन्सिलीनं एक कोडं लिहिलेलं असतं.

यंदा गणपतीत सगळे जमलो होतो. होम्सचा मित्र आणि या कथा सांगणारा डॉ. वॉटसन, त्याची जखम एका कादंबरीत खांद्याला आणि दुसरीत पायाला कशी, यावर मी माझं म्हणणं रंगवून सांगत होते. दादा म्हणाला, ‘लेखक विसरला, विषय संपला.’ मग त्यानं सापाची कथा, म्हणजे ‘द स्पेकल्ड बँड’, काढली. साप दूध काय पितो, शिट्टी ऐकून परत काय येतो, सगळं खोटं आहे म्हणाला. दादा सर्पमित्र आहे. मी म्हटलं, ‘दादा, पुराणातली वांगी पुराणात. गोष्ट आहे ती.’ तो म्हणाला, ‘मग तुझी जखमही गोष्टच आहे,’ आणि ताटावरून उठला. माझे मिस्टर नेहमी म्हणतात, ‘गोष्टच आहे ना, जे घडलंच नाही त्यावर काय भांडता?’ ते तेव्हा हसले, ते दादाला आणखी लागलं असावं.

भाऊबिजेला दादा आला, ओवाळून घेतलं, ताटात पाकीट ठेवलं. दोन हजार रुपये. पुस्तक नाही. दहा मिनिटांत निघून गेला.

या वयात असल्या गोष्टींवर एवढं डोकं लावणं खुळेपणा आहे का? आमच्यात बरोबर कोण? आणि मी आता काय करू?

— एक बहीण, नाशिक

ताई,

पाकिटाचा परिच्छेद मी तीनदा वाचला. ओवाळणीच्या ताटात पुस्तक ठेवणारा आणि त्यावर कोडं लिहून देणारा भाऊ कितीजणींना असतो? म्हणून तुमचा तिसरा प्रश्न मला सगळ्यांत मोठा वाटतो. पण त्याचं उत्तर दुसऱ्या प्रश्नातून निघतं, तेव्हा क्रमानंच जाऊ.

खुळेपणा नाही. १९११ साली ऑक्सफर्डमध्ये रोनाल्ड नॉक्स यांनी होम्सकथांवर एक निबंध वाचला. धर्मग्रंथांची चिकित्सा करताना पंडित जो काटेकोरपणा वापरतात, तोच त्यांनी या कथांमधल्या तारखांना, नावांना, विसंगतींना लावला. खुद्द होम्सचे लेखक आर्थर कॉनन डॉयल यांना त्याचं नवल वाटलं. असल्या मजकुरावर कुणी इतके कष्ट घ्यावेत याचं आश्चर्य त्यांनी १९१२ साली नॉक्स यांना पत्र लिहून कळवलं. १९३४ मध्ये न्यूयॉर्कला आणि १९५१ मध्ये लंडनला याच वेडाच्या माणसांनी मंडळं काढली, ती आजही चालू आहेत. रहस्यकथा लिहिणाऱ्या डोरोथी सेयर्स यांनी तर नियमच घालून दिला होता की हा खेळ लॉर्ड्सवरच्या कौंटी सामन्याइतक्या गांभीर्यानं खेळायचा. तुम्ही आणि दादा आजोळच्या पडवीत तेच करत होतात.

हे वेड याच कथांनी लावलं त्याचंही कारण आहे. सापाच्या त्याच कथेची सुरुवात आठवा. हेलन स्टोनर नावाची मुलगी मदत मागायला पहाटे बेकर स्ट्रीटवर, होम्सच्या घरी येते. होम्स तिच्या जॅकेटची डावी बाही बघतो, त्यावर चिखलाचे शिंतोडे सात ठिकाणी उडालेत आणि ते ताजे आहेत. त्यावरून तो सांगतो की तुम्ही छोट्या घोडागाडीत हाकणाऱ्याच्या डाव्या हाताला बसून स्टेशन गाठलंत. जो लेखक वाचकाला चिखलाचे शिंतोडे मोजायला शिकवतो, त्याच्या तारखा वाचक मोजणारच. ती त्यानंच लावलेली सवय आहे, आणि मला ती फार चांगली सवय वाटते.

आता बरोबर कोण. ताई, तुम्ही दोघं एकाच चुकीवर भांडलाच नाहीत. दोन निराळ्या जातीच्या चुका एकाच ताटात आल्या आणि दोघांनी त्या एकाच मापानं मोजल्या.

आधी तुमची जखम. १८८७ साली आलेल्या पहिल्या कादंबरीत वॉटसन स्वतः सांगतो की मैवंदच्या लढाईत जेझेल बंदुकीची गोळी त्याच्या खांद्यात घुसली, हाड फुटलं आणि गळ्याच्या हाडाखालच्या मोठ्या धमनीला चाटून गेली. लढाई खरी आहे, २७ जुलै १८८० ची, अफगाणिस्तानातली. तिकडे जाण्यासाठी वॉटसन उतरला तो मुंबईच्या बंदरात, आणि त्या लढाईत मुंबई इलाख्याच्या दोन पायदळ पलटणी प्रत्यक्ष लढल्या होत्या. पुढे १८९० च्या कादंबरीत हाच वॉटसन जखमी पाय कुरवाळत बसलेला दिसतो. गोळी पायातून आरपार गेली होती म्हणतो, हवा बदलली की ठणकतो म्हणतो. खांद्याचं नाव नाही. आणि १८९२ च्या एका कथेत त्याच गोळीचा उल्लेख येतो तेव्हा तो नुसतं सांगतो की ती माझ्या हातापायांपैकी एकात आहे. कुठल्या, ते सांगतच नाही! हे वाक्य वाचताना मला दर वेळी आनंद होतो. कुणीतरी लेखकाला हटकलं असेल, की त्यालाच शंका आली असेल? की वॉटसनच काही लपवतोय?

बघा, याच जागी वाट फुटते. लेखकाच्या टेबलापाशी काय झालं असेल, असं विचारलं तर दादाचं उत्तर बरोबर आहे. डॉयल भराभर लिहीत आणि मागचं उघडून बघत बसत नसत, म्हणून विसरले. पण वॉटसन खरा आहे असं धरून, बेकर स्ट्रीटच्या त्या खोलीत बसून विचारलं, तर ‘विसरला’ हे उत्तर चालत नाही. स्वतःला गोळी कुठं लागली हे कुठला सैनिक विसरेल? तिथं दोन गोळ्या मानाव्या लागतात, किंवा वाकलेल्या माणसाच्या खांद्यातून पायात गेलेली एक, किंवा तुमच्या मनात असेल तसं आणखी काही. दोन्ही प्रश्न खरे आहेत. फक्त एकाचं उत्तर दुसऱ्याला दिलं की समोरच्याच्या तोंडावर दार आपटल्यासारखं होतं. ‘विषय संपला’ म्हणून दादानं तेच केलं, आणि तुम्हाला ते लागलं ते योग्यच होतं.

दुसरा एक नमुना सांगतो, कारण तो मराठी माणसाला लगेच कळतो. वॉटसनचं नाव जॉन एच. वॉटसन. पण १८९१ च्या एका कथेत त्याची बायको त्याला ‘जेम्स’ म्हणते. टेबलापाशी उत्तर सोपं आहे, पुन्हा विसरले. सेयर्स यांनी मात्र घरातलं उत्तर शोधलं. मधलं ‘एच’ म्हणजे हॅमिश असणार. हॅमिश हे स्कॉटलंडच्या गेलिक भाषेतल्या जेम्सचं रूप, आणि तेही संबोधनाचं! आपल्याकडे हाक मारताना शब्दाचं रूप बदलतं, राम असेल तर ‘रामा’ होतो, तसंच ते. नवऱ्याला त्याच्या मधल्या नावानं, इंग्रजी करून, लाडानं हाक मारणारी बायको एका छापील चुकीतून उभी राहिली. हे वाचल्यापासून मला त्या घरातल्या चहाच्या वेळा दिसायला लागल्या. अशा उत्तरानं कथेला आणखी एक खोली मिळते, म्हणून मी तुमच्या बाजूचा आहे.

आणि आता साप. इथं मात्र मी दादाच्या बाजूला जाऊन बसतो.

ही कथा फेब्रुवारी १८९२ ची. कलकत्त्यात डॉक्टरकी करून आलेला डॉ. रॉयलॉट सावत्र मुलींच्या लग्नाआधी त्यांचा काटा काढायला बघतो. दोन खोल्यांमध्ये झरोका. झरोक्यातून उशीपर्यंत लोंबणारी घंटेची दोरी, जी ओढली तर घंटा वाजत नाही. जमिनीला ठोकून बसवलेला पलंग, म्हणजे तो दोरीखालून हलवता येऊ नये. तिजोरीवर दुधाची बशी. रात्री बारीक शिट्टी. रॉयलॉट झरोक्यातून दोरीवर साप सोडतो आणि शिट्टी वाजवून परत बोलावतो. आतल्या आत ही कथा इतकी घट्ट विणलेली आहे की तिच्यात जखमेसारखा सुटलेला एकही टाका मला सापडलेला नाही. प्रत्येक खूण आधी दाखवलेली आहे आणि प्रत्येकीचा शेवटी उपयोग होतो. १९२७ मध्ये डॉयल यांनी आपल्या आवडत्या बारा होम्सकथा निवडल्या, तेव्हा ही पहिली लावली. मी ती बाराव्या वर्षी वाचली. आमचं घर कौलारू, पावसाळ्यात आई रोज रात्री अंथरूण झटकून मगच आम्हाला झोपू द्यायची, मण्यारीच्या भीतीनं. कथा वाचल्यावर महिनाभर मी आढ्याकडे बघत झोपलो. त्या भीतीला मी खोटी म्हणणार नाही.

पण ही घट्ट वीण ज्या खुंटीवर टांगली आहे ती खुंटीच भिंतीत नाही. होम्स सापाला दलदलीतला ॲडर (विषारी सापाची एक जात) म्हणतो, भारतातला सर्वांत विषारी. असा साप आपल्याकडे नाही. आपल्याकडे माणसं दगावतात ती मुख्यतः नाग, मण्यार, घोणस आणि फुरशानं, आणि यांतला कुठलाही दहा सेकंदांत माणूस मारत नाही. कथेत शेवटी तोच साप चावून रॉयलॉट दहा सेकंदांत मरतो. दूध हे सापाचं अन्न नाही, तहानेनं कासावीस केलेल्या सापापुढे जे पातळ येईल ते तो पितो, एवढंच. सापाला बाहेरचा कान नाही. त्याला कळतात ती मुख्यतः जमिनीतून येणारी कंपनं आणि काही खालच्या पट्टीतले आवाज, त्यामुळे बारीक शिट्टीवर दोरी चढून घरी येणारा साप कुणी पाळून दाखवलेला नाही. जाता जाता, रॉयलॉटच्या बागेत भारतातून आणलेले म्हणून एक चित्ता आणि एक बबून माकडही हिंडतात. बबून आफ्रिका आणि अरबस्तानातला. चित्ता तेवढा खरा, तो तेव्हा आपल्याकडे होता.

तुम्ही म्हणाल, उडते गालिचे चालतात, मग हा साप का नको? चालला असता, ताई. डॉयल यांनी स्वतःचा एखादा देश बसवून तिथले साप शिट्टीला ओ देतात असं सांगितलं असतं, तर मी निमूट मानलं असतं आणि पुढं फक्त एवढंच बघितलं असतं की पुढच्या कथेतही ते ओ देतात ना. आपण मांडलेला नियम लेखकानं स्वतः पाळला म्हणजे झालं. पण त्यांनी नवा देश मांडला नाही, आपला देश उसना घेतला. साप भारतातला, डॉक्टर कलकत्त्याचा, आणि ‘हे सगळं शास्त्र आहे’ हा होम्सचा दावा. उसनं घेतलेलं तपासून परत घेण्याचा हक्क ज्याचं आहे त्याला असतो. तो हक्क तुमच्या दादाइतका कुणाला आहे?

तुमच्या पत्रात शिराळ्याचं नाव आहे म्हणून हे अधिक जाणवलं. नागपंचमीसाठी ज्या गावाचं नाव महाराष्ट्रभर घेतलं जातं, त्याच्याजवळ राहून एक सर्पमित्र किती वेळा, किती अंगणांत उभा राहून सांगत असेल की बायांनो, साप दूध पीत नाही, त्याच्यापुढे वाटी धरू नका. त्याच्या कामाचा निम्मा भाग हे एक वाक्य पटवण्यात जातो. त्यानं घरी, लाडक्या कथेच्या निमित्तानं, लाडक्या बहिणीपुढे तेच वाक्य म्हटलं, आणि तुम्ही ते पुराणातल्या वांग्यांत टाकलंत. म्हण कुठून आली ते तुम्हाला ठाऊकच असेल. वांगी निषिद्ध म्हणून लोकांना सांगणारा पुराणिक घरी येऊन बायकोकडे वांग्याचीच भाजी मागतो, तिनं आठवण करून दिली तेव्हा त्याचं हे उत्तर. म्हणजे बोलायचं एक आणि त्याचा जगण्याशी संबंध ठेवायचा नाही. दादाचं सगळं जगणं याच्या उलट आहे.

आणि तुम्ही वापरलेलं वाक्य कुणाचं होतं ते पुन्हा वाचा. ‘गोष्ट आहे ती.’ वर्षानुवर्षं मिस्टरांकडून ऐकून तुम्हाला जे बोचतं, तेच तुम्ही दादाला दिलंत. तुमची विसंगती महत्त्वाची आणि त्याची मात्र गोष्ट! मला वाटतं तो उठला तो या असमान मापामुळे, सापामुळे नाही. मिस्टरांबद्दल मी फार लिहीत नाही. त्यांना खेळात ओढू नका, फक्त दादा असताना हसू नका एवढं त्यांना एकदा साध्या शब्दांत सांगा.

तर आता काय करायचं. फोन करा, मेसेज नको. ‘तुला वाईट वाटलं असेल तर’ असं म्हणू नका, त्या ‘तर’नं माफी अर्धी होते. म्हणा, ‘दादा, सापाचं तुझं बरोबर होतं. आणि मला जे वाक्य सहन होत नाही तेच मी तुला मारलं.’ एवढं झालं की थांबा, त्याला बोलू द्या. जखमेचा विषय त्या फोनवर काढू नका, तुमचं म्हणणं कितीही पक्कं असलं तरी.

मग हवं तर त्याला सांगा की या सापाचा पिच्छा त्याच्याच जातकुळीच्या माणसांनी पुरवला आहे. रॅटलस्नेकचे नामांकित अमेरिकी अभ्यासक लॉरेन्स क्लाउबर यांनीही हा साप नेमका कोणता असावा यावर लेख लिहिला होता. सापांचं शास्त्र पक्कं ठाऊक असलेला माणूस बेकर स्ट्रीटच्या खोलीत येऊन बसू शकतो, त्याला शास्त्र बाहेर ठेवावं लागत नाही. दादाला विचारा, घोणस, मण्यार की नाग, वर्णनाच्या जवळ कोण जातं? पिवळा पट्टा, त्यावर तपकिरी ठिपके, शंकरपाळ्याच्या आकाराचं बसकं डोकं, फुगलेली मान. त्याच्याइतकं चांगलं उत्तर तुम्हाला नाशिकमध्ये कुणी देणार नाही.

आणि ते दोन हजार रुपये खर्च करू नका. त्यातून एक पुस्तक घ्या आणि या वेळी पहिल्या पानावर पेन्सिलीनं कोडं तुम्ही लिहा. सुचत नसेल तर माझं घ्या, मी ते बरीच वर्षं जपून ठेवलंय. लाल केसवाल्यांच्या मंडळाची कथा. गहाणवटीचा धंदा करणारा जेबेझ विल्सन होम्सला या मंडळातल्या नोकरीची वर्तमानपत्रातली जाहिरात दाखवतो. वॉटसन तारीख वाचतो, २७ एप्रिल १८९०, आणि म्हणतो, बरोबर दोन महिन्यांपूर्वीची. विल्सननं त्या नोकरीत आठ आठवडे विश्वकोश उतरवून काढला, आठवड्याला चार पौंड पगार. होम्स म्हणतो, तीसेक पौंड मिळाले की तुम्हाला. आठ चोक बत्तीस, हिशेब चोख. आणि त्या दिवशी सकाळी मंडळाच्या दारावर पाटी लागलेली असते : मंडळ विसर्जित, ९ ऑक्टोबर १८९०. एप्रिलपासून दोन महिने मोजले तर जून येतो. ऑक्टोबरपासून आठ आठवडे मागं गेलं तर ऑगस्टचा मध्य. शिवाय होम्स त्याच दिवशी म्हणतो की आज शनिवार आहे, आणि ९ ऑक्टोबर १८९० ला होता गुरुवार. पैशाचा हिशेब पैशापर्यंत बरोबर, आणि दिनदर्शिका मात्र तीन ठिकाणी फाटलेली.

हे इतकं सगळं लिहू नका. पान छोटं असतं. एवढंच लिहा : ‘२७ एप्रिल. ९ ऑक्टोबर. शनिवार. यातलं खरं काय, दादा? टेबलापाशीचं उत्तर आणि घरातलं उत्तर, दोन्ही दे.’ आणि खाली त्याच्यासाठी जागा सोडा.